बायडाबाईंच्या गच्चीवरचं ऊन

आमच्या पेठेच्या चौकात, अगदी कोपऱ्यावर, बायडाबाईंची पिठाची गिरणी आहे. होळी जवळ आली की गिरणीच्या आतल्या अंगाला मिरची कांडपाचं यंत्र सुरू होतं आणि तिथून पावसाळ्यापर्यंत चौकातून जाणारा प्रत्येक माणूस शिंकतो. पेठेत नव्याने राहायला आलेल्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो, की सर्दी झालेली नाही, औषध घेऊ नका.

कोल्हापुरात वर्षाची चटणी एकदाच होते. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठ खुडायचे, मसाले भाजायचे आणि सगळं डब्यांत भरून कांडपावर जायचं. लोखंडी मुसळं धपाधप वर-खाली होत असतात आणि प्रत्येक बाई आपली मिरची संपेपर्यंत यंत्रासमोरून हलत नाही, कारण आपली ब्याडगी मिरची दुसरीच्या संकेश्वरीत मिसळली तर वर्षभर जेवताना भांडण. या सगळ्या बायकांना बायडाबाई ओळखतात आणि भीड कोणाचीच ठेवत नाहीत. एका वर्षी माझाच डबा त्यांनी झाकण उघडून परत माझ्या हातात दिला.

“वैनी, मिरच्या दमट हैत. घरी न्या, दोन उन्हं दाखवा, मग आणा.”

“बायडाबाई, चांगल्या आठवडाभर वाळवल्यात मी.”

“तुमच्यासारख्या इंग्लिश शाळेत शिकल्या असतील, पण दमट त्या दमटच.”

रांगेतल्या बायका हसल्या. मी मिरच्या घरी नेल्या, दोन उन्हं दाखवली आणि परत आणल्या. त्या वर्षीची चटणी पुढच्या संक्रांतीपर्यंत लालभडक राहिली, हेही सांगायला हवं.

बायडाबाई राधानगरीकडच्या. लग्न होऊन या चौकात आल्या तेव्हा गिरणी त्यांचे यजमान गणपतराव चालवत. ते गेले, तेव्हा मुलगा यशराज शाळेत होता. तेराव्याला जमलेल्या भाऊबंदांनी ठरवून टाकलं की गिरणी भाड्याने द्यावी, बाईमाणसाला पट्टा आणि मोटार झेपायची नाही. बायडाबाईंनी ऐकून घेतलं आणि चौदाव्या दिवशी गिरणीचं दार उघडलं. झिजून गुळगुळीत झालेल्या दळणाच्या दगडाला टाकी लावायला पाथरवट मिळाला नाही तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः बसल्या. त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर दगडाच्या कपच्यांचे बारीक डाग अजून आहेत. विचारलं तर म्हणतात, “गोंदवून घेतलंय.”

यशराज मोठा झाला, एका मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला लागला. मुलगा वाईट नाही. आईला डॉक्टरकडे नेतो, सणाला साडी आणतो. पण गिरणीची त्याला लाज वाटते की काळजी वाटते हे मला कधी नक्की कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं. विजेचं बिल आलं की तो ते हातात धरून गिरणीत यायचा आणि मुसळांच्या आवाजावर ओरडायचा, “आई, ही गिरणी आपल्यासाठी चालती का वीज कंपनीसाठी?” चौकातली जागा मोबाईलच्या दुकानाला हवी होती. दुकानवाला यशराजच्या ओळखीचा होता. बंद गिरणीचं भाडं चालू गिरणीच्या कमाईपेक्षा जास्त होईल, असा यशराजचा हिशेब.

मग सरकारची छतावरच्या सौरविजेची योजना आमच्या गल्लीत आली. घराच्या मीटरला अनुदान, उरलेली वीज कंपनीच्या तारेत सोडायची आणि तेवढी बिलातून वजा. बायडाबाईंच्या गिरणीमागे, उत्तरेला, त्यांचं राहतं घर आहे. त्या घरावर यशराजनेच हौसेने पॅनेल बसवून घेतले. दोन महिन्यांत घराचं बिल शून्यावर आलं. यशराज ते बिल गल्लीभर दाखवत फिरला आणि तिथेच फसला.

“माझ्या गिरणीवर ऊन पडत न्हाय व्हय?” बायडाबाईंनी विचारलं.

त्याने समजावलं की गिरणीचं मीटर धंद्याचं, त्याला अनुदान नाही, कर्ज काढावं लागेल. बायडाबाईंनी कर्ज काढलं. यशराज चिडला आणि त्याने अट घातली. या हंगामात घरासारखंच गिरणीचं बिल शून्य करून दाखव, नाही झालं तर अक्षय तृतीयेला जागा मोबाईलच्या दुकानाला द्यायची.

“दाखवते की,” बायडाबाई म्हणाल्या. हे माझ्यासमोर झालं, त्यांची सून स्वप्नाली हिच्यासमोरही. ती बिचारी तेव्हा मिरच्यांचे देठ खुडत राहिली.

पॅनेल बसवायला कागलचा मोहसीन आला. गोरा, उंच, सारखी पान-तंबाखू सोडल्याची घोषणा करणारा आणि सारखी सुपारी चघळणारा. थंडीचे दिवस होते. त्याने गिरणीच्या गच्चीवर उभं राहून सावल्या पाहिल्या. पाण्याची टाकी हलवली. माझ्या परसातल्या नारळाच्या दोन झावळ्या मला विचारून उतरवल्या. पूर्वेच्या कठड्याला, चौकाकडे तोंड करून, दोन मजली उंचीचा एक लोखंडी सांगाडा उभा होता. त्याच्यापाशी तो थांबला.

“हे काय हाय, मावशी?”

“ते आपलं न्हाय, बाबा. मंडळाचं हाय.”

मोहसीनने मान डोलावली आणि पुढे गेला. आपल्या गच्चीवरची वस्तू आपली नसते, यात त्या दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. चौकातल्या कोपऱ्याच्या घराचा कठडा हा तालीम मंडळाचा, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. घरमालकाला कोणी विचारत नाही. शिवाय सांगाडा तेव्हा मोकळा होता आणि मोकळ्या सांगाड्याची सावली ती काय, चार काळ्या रेघा.

होळी झाली, कांडपाला रांग लागली आणि एका सकाळी सांगाड्यावर फ्लेक्स चढला. आमच्या पेठेचे विजयसिंह यांचा वाढदिवस होता. विजयसिंह अजून नगरसेवक झालेले नाहीत, पण फ्लेक्सवर ते बऱ्याच वर्षांपासून झालेले आहेत. काळा गॉगल, कानाला मोबाईल, मागे उगवता सूर्य, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या गल्लीतली पोरं टिकलीएवढ्या चेहऱ्यांत. छापलेला सूर्य फारच छान होता. खरा त्याच्यामागे अडकला. सकाळभर, सूर्य चांगला वर चढेपर्यंत, निम्म्या पॅनेलवर विजयसिंहांची सावली.

मोहसीन आपल्या मोबाईलवर वीज किती तयार होते ते बघत असायचा. तो आपण होऊन आला. गच्चीवर गेला, खाली आला आणि बायडाबाईंना म्हणाला, “मावशी, महापुरात आपण पोती हातोहात पोचवलीती, आठवतंय? मधला एक जरी हात बांधून बसला तर?”

“तर सगळी लाईन खोळंबणार.”

“तसंच हाय हे. निम्मे सावलीत बसले की उन्हातले पण ढिले पडत्यात.”

बायडाबाई पदराला हात पुसून तशाच विजयसिंहांच्या घरी गेल्या. विजयसिंहांनी चहा पाजला, पाया पडले. “मावशी, वाढदिवसाचा हाय. आठ दिवसांत निघंल.” आठ दिवसांत तो निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा आला. तोच फोटो, तोच गॉगल, फक्त मजकूर वेगळा होता. वाढदिवसाला शुभेच्छा दिल्याबद्दल सर्वांचे आभार.

त्या पुन्हा विजयसिंहांकडे जाऊन नुसता चहा पिऊन आल्या आणि मग तालमीत गेल्या. मंडळाचा अध्यक्ष राजवीर म्हणजे चटणीच्या डब्याएवढा असल्यापासून गिरणीच्या पायरीवर खेळलेला मुलगा. तो म्हणाला, “काकू, पोरांच्या भावनेचा प्रश्न हाय. आणि गणपतआबांनी कधी न्हाय म्हटलं न्हाय.”

“त्यांच्या टायमाला ऊन वायाच जात हुतं. आता मी ते कर्ज काढून धरलंय.”

“मेपर्यंत वाढदिवसच हैत, तवर कळ काढा की.”

“मेपर्यंत माझी गिरणी ऱ्हाईल का रं?”

राजवीरला यशराजच्या अटीचं काही ठाऊक नव्हतं. तो खांदे उडवून मोबाईलमध्ये बघू लागला.

संध्याकाळी बायडाबाई माझ्याकडे आल्या. पायरीवर बसल्या, आत येत नव्हत्या, कारण अंगावर मिरची होती. मी म्हटलं, आपण महापालिकेकडे रीतसर अर्ज करू, असे फ्लेक्स लावायला परवानगी लागते, मी लिहून देते.

“वैनी, तुमचं अक्षर मोत्यासारखं हाय. पण तो अर्ज टेबलावरनं टेबलावर जाईपर्यंत पाऊस लागंल.” त्यांनी पदराने हातावरची मिरची झटकली. मग म्हणाल्या, “चोरून फाडला तर उद्या दगडं पडतील. आणि मला चोरून करायचंच न्हाय. माझी गच्ची हाय.”

हे ‘माझी गच्ची’ त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

तिथून उठून त्या चौकात गेल्या आणि कांडपाला आलेल्या बायकांना हाळी देतात त्याच आवाजात म्हणाल्या, “उद्या सकाळी फ्लेक्स उतरवणार हाय. ज्याला बघायचंय त्यानं या. ज्याला धरू लागायचंय त्यानं पण या.”

यशराज घरातून धावत आला. “आई, येडी झालीस काय? विजयसिंहचा फ्लेक्स हाय तो! उद्या पोरं दारात उभी ऱ्हातील. मला नोकरी करायची हाय ह्या गावात!”

“मग कर की. मी कुठं तुला शिडी धर म्हटलंय?”

सकाळी रांग नेहमीपेक्षा मोठी होती. डबे पायरीवर ठेवून बायका गच्चीखाली उभ्या राहिल्या. मोहसीन शिडी घेऊन आला होता, पण बायडाबाईंनी त्याला वर येऊ दिलं नाही. “तू कागलचा. उद्या तुझं नाव घेतील. खाली ऱ्हा.” त्या स्वतः सांगाड्यावर चढल्या, नऊवारीचा काचा घट्ट मारून, आणि दोरीच्या गाठी एकेक करून सोडल्या. चाकू, विळी काहीही हातात नव्हतं. गाठ सुटत नव्हती तिथे दातांनी सोडली, पण कापली नाही. खालून आठ-दहा जणींनी दोर धरले. एका टोकाला मीही होते. स्वप्नाली मागच्या दाराने आली आणि माझ्या मागे दोर धरून उभी राहिली. फ्लेक्स शहाण्यासारखा हळूहळू खाली आला.

आता तो नुसता घडी घालून ठेवला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बायडाबाईंनी तो चौकात उन्हात अंथरला आणि त्याच्यावर एका बाईच्या दमट मिरच्या पसरल्या.

पोरं आलीच. राजवीर पुढे. “काकू, हे लई झालं. साहेबांच्या तोंडावर मिरच्या?”

“पालथा घातलाय,” बायडाबाई म्हणाल्या. “बग वाकून. तुझ्या साहेबाच्या डोळ्यात मिरची जाऊ ने म्हणून पांढरी बाजू वर केल्या.”

राजवीरने खरोखरच कोपरा उचलून पाहिलं. मागून कोणी तरी ओरडलं, “ही विटंबना हाय!”

“कोण रं त्यो? पुढं ये. गेल्या साली ह्याच साहेबाचा फ्लेक्स तुझ्या आईनं शेणी झाकायला नेला. राजवीर, तुझ्या म्हशीच्या गोठ्यावर कोण हाय? पावसाळाभर कुणाच्या तोंडावर पाणी पडतंय? तवा भावना कुठं गेलत्या?”

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “आमच्याकडं तर साहेब कोंबड्याच्या खुराड्यावर हैत,” आणि बायका जोरात हसल्या. पोरांतलीही दोघं-तिघं हसली. हे खरंच होतं. उतरलेले फ्लेक्स आमच्याकडे सगळ्यांच्याच कामाला येतात. धान्य वाळवायला, जळण झाकायला, गळकं छप्पर झाकायला. त्यात कोणी कधी अपमान पाहिला नाही. प्रश्न इतकाच होता, की फ्लेक्स कधी उतरायचा हे कोणी ठरवायचं.

तेवढ्यात विजयसिंह स्वतः आले. बुलेट बंद केली, गॉगल काढला, मिरच्यांकडे पाहिलं आणि शिंकले. गर्दी बाजूला झाली.

“मावशी, मला सांगायचं हुतं एक शब्द.”

“दोनदा सांगितलं, बाबा. दोनदा चा पिऊन आले.”

“चारच दिवस ऱ्हायले हुते.”

“आणि मग पोराचा वाढदिवस. मग त्याचं आभार. लग्नाचा मांडव पण सोळाव्या दिशी उतरत्यात, विजयसिंह. तुझा वाढदिवस सरतच न्हाय.”

विजयसिंह हसले. माणूस हुशार आहे, भांडणात हरायचं नसेल तर हसावं हे त्याला कळतं. “मग तुम्हीच सांगा, मावशी. चौकात दुसरी जागा कुठं हाय? फ्लेक्स लावायचा कुठं?”

“तुझ्या गच्चीवर लाव. समोरच तर हाय. चौकातनं चांगला दिसंल.”

“माझ्या गच्चीवर कसा लावणार?” ते अगदी सहज बोलून गेले. “माझ्या गच्चीवर सोलर हाय.”

बायकांनी माना वळवून समोरच्या गच्चीकडे पाहिलं. मग मोहसीन शिडीमागे तोंड लपवून हसायला लागला, त्याच्यामागून बायका, आणि शेवटी राजवीरनेही मान खाली घातली. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते आत्ताच ऐकल्यासारखा विजयसिंहांचा चेहरा झाला. गॉगल पुन्हा डोळ्यांवर गेला.

बायडाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुझं ऊन तुला कळतंय. माझं मला कळू दे. सांगाडा उचलून न्या. सांगाडा गेला की फ्लेक्स मिळंल, घडी घालून, धुऊन. तवर मिरच्या वाळतील.”

“राजवीर,” विजयसिंह म्हणाले, “बोल्ट खोलायला पाने आणा रे.” आणि बुलेटला किक मारून गेले.

दुपारपर्यंत सांगाड्याचे बोल्ट सुटले. इतक्या वर्षांच्या गंजाने कठड्याला भोकं पडली होती, ती बायडाबाईंनी सिमेंटने बुजवली. फ्लेक्स त्यांनी खरोखर धुऊन, घडी घालून तालमीत पोचता केला. मी तो नेताना त्यांना पाहिलं. डोक्यावर घडी, आणि चाल अशी, की जणू माहेराहून काही घेऊन निघाल्यात.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण अक्षय तृतीया यायची होती आणि तिच्याआधी बिल आलं. ते शून्य नव्हतं. निम्म्याहून खाली आलं होतं, पण शून्य नव्हतं. सावलीत गेलेले दिवस त्यात होतेच.

यशराज बिल घेऊन गिरणीत आला. सोबत मोबाईलच्या दुकानाचा मालक, हातात मोजपट्टी. कांडपाला आठ-दहा बायका थांबल्या होत्या, त्यांत मी.

“आई,” यशराज म्हणाला, यावेळी ओरडून नाही, “बग. शून्य न्हाय झालं.”

मी बोलायला तोंड उघडलं. त्या सावलीच्या सकाळी मी स्वतः रोज पाहिल्या होत्या. त्या धरल्या नाहीत तर हिशेब काय झाला असता ते मला मांडून दाखवता आलं असतं.

“वैनी, वकिली नको,” बायडाबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. “न्हाय झालं शून्य. मी हरले.”

यशराज गोंधळला. त्याने भांडणाची तयारी केली होती. “मग... आपलं ठरलंतं की, आई.”

“ठरलंतं. मी मोडलं.”

“असं कसं? शब्द म्हंजे काय हाय का न्हाय?”

“शब्द दिला हुता, बाळा, ते खरं. चुकीचा दिला. ही गिरणी शून्य केली तर ऱ्हाणार आणि न्हाय केली तर जाणार, हे तू ठरवणार आणि मी परीक्षेला बसणार? तुझा बाप गेला त्या वर्षी मी ही पैशासाठी उघडली. आता कशासाठी चालवते ते मला रोज सकाळी कळतंय. तुला कळलं न्हाय तरी चालंल. बिल आलं तर भरीन. पाऊसकाळात जास्त येईल, तेबी भरीन. मला लबाड म्हण. चौकात जाऊन म्हण. गिरणी बंद होणार न्हाय.”

यशराज लाल झाला. तो काही तरी बोलणार होता, पण दुकानवाला मधे आला. त्याला वाटलं असावं, घरातलं किरकोळ आहे, मिटेल. त्याने मोजपट्टीचं टोक भिंतीला लावलं.

बायडाबाईंनी त्याला आपादमस्तक पाहिलं. “पावणं, दळण हाय का कांडप?”

“न्हाय, ते... जागा मोजायची हुती.”

“दळण न्हाय, कांडप न्हाय. मग बाजूला व्हा, खटका दाबते.”

त्यांनी खटका दाबला. मुसळं उठली आणि आदळली. लाल धूळ वर आली. पाहुण्याने मोजपट्टी सोडून नाकाला रुमाल लावला. पट्टी सर्रकन गुंडाळून त्याच्या हातावर बसली आणि तो शिंकत शिंकत पायरीपर्यंत मागे गेला. यशराज मात्र तिथेच, यंत्राच्या तोंडाशी, बिल हातात धरून उभा.

स्वप्नालीने रांगेतल्या पुढच्या बाईचा डबा उचलला. झाकण काढून तिने एक मिरची कानाजवळ धरून मोडली, कडक आवाज ऐकला, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून मोठ्याने म्हणाली, “अवो, सरा की जरा. बायका थांबल्यात.”

तो सरला.